पिकअपच्या मागचं लोखंड

पिकअपच्या मागं जो लोखंडी तुकडा असतो, ज्याला ट्रॉली अडकवतात, त्याला काय म्हणायचं यावर आमच्या वडसा गावात एकमत नाही. शेतकरी त्याला हूक म्हणतात, ट्रकवाले टोचन म्हणतात, वेल्डर कान म्हणतो आणि माझी बायको अंजुम ‘तुमचं ते’ म्हणते. ज्याच्या नावावर गाव भांडतं, त्याच्या मापावर गाव गप्प बसेल असं मला वाटलं होतं. माणूस पंचेचाळिशीकडे झुकला की त्याला असलं काहीही वाटू शकतं.

बाजारओळीत माझं ‘नूरी इलेक्ट्रिकल्स’ नावाचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. पण दुकानाची खरी इज्जत मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. माझा जनरेटर. भाऊबीज झाली, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. आणि मी सांगतोय त्या काळात, दोन हजार सालानंतर, लोडशेडिंगला नाटकाची गोष्ट पाठ असावी अशी शंका यायची. नायिका विहिरीकडे धावली की लाइन गेलीच. म्हणून नाटकवाले जनरेटर लावायचे, आणि जनरेटर म्हटलं की गफ्फारभाऊ, म्हणजे मी.

हा जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला. ट्रॉलीला पुढे दांडी, दांडीच्या टोकाला कडी. ती कडी आजवर गुणवंतरावांच्या ट्रॅक्टरला अडकायची. गुणवंतराव माझे शेजारी, धानाचे मोठे शेतकरी, मनाचे चांगले. पण नाटकांचा हंगाम आणि धानाच्या मळणीचा हंगाम एकच. आधी त्यांचं धान निघायचं, मग माझा उजेड. मागच्या वर्षी एका गावी आम्ही पोचलो तेव्हा नाटक कंपनीचे मॅनेजर श्रीहरी स्टेजवर पेट्रोमॅक्स हातात धरून उभे होते, आणि लोक त्यालाच नाटक समजून पाहत होते. वरून गुणवंतराव ट्रॅक्टरवरून ओरडले, “आणला बाप्पा उजेड! गफ्फारभाऊचा उजेड आपल्याच शेपटाले लटकून येते!”

अख्खा मांडव हसला. श्रीहरी हसले नाहीत. ते खाली उतरून मला म्हणाले, “भाऊ, तुमी माणूस लाखाचे. पण पुढच्या साली पहिल्या प्रयोगाले लाईट येळेवर नाई आली, तं मी दुसऱ्याचा जनरेटर बोलावतो. मंग नाराज होऊ नोका.”

म्हणून मी पिकअप घेतली. नवी नव्हे, पण दणकट. दगड-गिट्टी वाहून हाडं मजबूत झालेली. गाडी दारात आली तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी तिला फेरी घातली, टायरला लाथा मारल्या, बोनेट उघडून आत माना घातल्या. शेवटी गुणवंतरावांनी मागं जाऊन पाहिलं आणि विचारलं, “ह्याले हूक कुठी आहे?”

हूक नव्हता.

“काऊन जी, ट्रॉली काय डोक्श्यानं ढकलसान?”

त्या दिवसापासून माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर कोणी पंख्याबद्दल बोललं नाही. गुणवंतरावांचं म्हणणं, ट्रॅक्टरसारखी साधी पिन लावा. गाडी म्हणजे गाडी, तिला नखरे कशाला? वेल्डर पत्रूचं म्हणणं, “तुमी फक्त जागा दाखवा.” पत्रू हा जागा दाखवली की वेल्डिंग करणारा माणूस आहे. कशाला काय जोडायचं हा प्रश्न तो स्वतःला पडू देत नाही. एकदा त्यानं स्वतःच्या दुकानाचं शटर वेल्डिंग करून टाकलं होतं, तेही आत असताना. नागपूरहून माझा मेहुणा अनस फोनवर सांगत होता, “जीजाजी, घाई करू नका. परदेशात गोळा असतो.” पोस्टमन, चहावाला, शेजारी दाढी करायला आलेली गिऱ्हाईकं, सगळ्यांना हुकाचं ज्ञान होतं. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्यांची मतं सगळ्यात ठाम होती.

फक्त अंजुमनं वेगळाच मुद्दा काढला. “अजी, ट्रॉली ओढायचीच कशाला? जनरेटर उचलून गाडीतच ठेवा ना.”

मी तिला समजावलं की बायकांना यातलं कळत नाही. मग कोणी पाहत नाही अशी वेळ साधून आम्ही जनरेटर चेन-पुलीनं उचलून गाडीत ठेवून पाहिला. कोणी पाहत नाही असं वडशात कधी नसतं. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे चपटे झाले, मागची चाकं मडगार्डला घासू लागली आणि पुढची चाकं इतकी हलकी झाली की मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तरी गाडी सरळ शकुबाईच्या भाजीच्या दुकानाकडे निघाली. शकुबाई वांग्यांच्या टोपलीसकट उठल्या. “गफ्फारभाऊ, मले सांगून तं या!” जनरेटर परत खाली उतरला. म्हणजे हूक हवाच.

पहिला हूक पत्रूनं लावला. मी जागा दाखवली ती मागच्या बंपरची. दिसायला ठसठशीत बंपर होता, जाड पत्र्याचा. पत्रूनं त्यावर कान बसवला, हातोडीनं ठोकून आवाज ऐकवला. “मोडन तं गाडी मोडन, हे नाई.” हे वाक्य अर्धं खरं निघालं. मी ट्रॉली जोडली, हॉर्न वाजवला आणि एसटी स्टँडपुढून ऐटीत निघालो. गाडी छान पळत होती. इतकी छान, की जनरेटर मागं आहे असं वाटतच नव्हतं. लोक हात हलवत होते. मीही हात हलवला. लोक आणखी जोरात हलवू लागले, काही जण धावू लागले. आपली गावात एवढी किंमत आहे हे मला माहीत नव्हतं. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा एक सायकलवाला धापा टाकत आला. “भाऊ, तुमचं अर्धं सामान स्टँडवर राह्यलं!”

परत गेलो. स्टँडच्या दारात, गडचिरोलीची बस अडवून, माझा जनरेटर उभा होता. त्याच्या दांडीला माझा बंपर. बंपरवर माझ्याच गाडीचा नंबर. कान मात्र जागच्या जागी होता. पत्रूनं तो दाखवला आणि म्हणाला, “पाहा, आपलं काम हाललं का?” बसचा कंडक्टर शिट्टी फुंकत होता. खिडक्यांमधून माना बाहेर आल्या होत्या, आणि त्यातली एक मान माझ्या व्याह्यांची होती. ते आमच्या मुलीच्या, नूरीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे येत होते. त्यांनी मला तशा स्थितीत सलाम केला. मी बंपर काखेत धरून सलाम घेतला. माणसाच्या आयुष्यात असे सलाम थोडे असतात.

मग अनसचा गोळा आला. तो स्वतः घेऊन आला, फडक्यात गुंडाळून, जणू दागिना. नागपूरच्या भंगार बाजारातून गोळा आणि त्यावर बसणारी वाटी. गोळा गाडीला, वाटी ट्रॉलीला. वाटी गोळ्यावर टेकवायची, खटका दाबायचा, झालं. “वळणावर लोण्यासारखी वळते, जीजाजी.” या वेळी मी शहाणा झालो होतो. बंपरला हात लावू दिला नाही, खाली चासीला पट्टी मारून त्यावर गोळा बसवला. अंजुमनं बाहेर येऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “वाटी मोठी आणि गोळा छोटा वाटतो.”

“दीदी, त्यात थोडी ढील लागतेच,” अनस म्हणाला.

ढील किती लागते हे आम्हाला कालव्याच्या उतारावर कळलं. चढ चढेपर्यंत सगळं लोण्यासारखं. माथ्यावर एक गचका बसला. मी आरशात पाहिलं, मागं ट्रॉली नाही. म्हटलं गेली कुठं? तर अनस माझ्या शेजारी बसून बाहेर बोट दाखवत होता, आणि उजव्या खिडकीतून माझा स्वतःचा जनरेटर मला ओव्हरटेक करत होता. दांडी रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत, पण चालीत एक आब होता. त्यानं मला साइड मागितली नाही. पुढचं वळण आलं, ते त्याला मान्य झालं नाही, आणि तो सरळ कापणीला आलेल्या धानात उतरला. चिखलात चाकं रुतली आणि तो थांबला. देवाची कृपा, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरून एखादी सायकल जरी आली असती तर, हा विचार त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवताना आठवायचा.

ती बांधी, म्हणजे धानाचं ते खाचर, कोणाची होती? गुणवंतरावांची.

ते आले, कमरेवर हात ठेवून धुऱ्यावर, बांधावर उभे राहिले. आडवं झालेलं धान पाहिलं, जनरेटर पाहिला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. ते म्हणाले, “लागलं तं नाई ना तुमाले?”

“नाही.”

“मंग रडून काऊन राह्यले?” आणि ते ट्रॅक्टर आणायला गेले. त्यांनी साधी पिन टाकून जनरेटर ओढून काढला, माझ्या अंगणात आणून लावला आणि जाताना एक शब्द टाकून बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री मी जेवलो नाही. अनस पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेला, गोळा मात्र ठेवून. तो आता आमच्याकडे मसाला वाटायच्या पाट्याशेजारी असतो.

तिसरा अडथळा सरकारी होता. कोणीतरी कानात सांगितलं की गाडीला मागं काही लावायचं तर परवानगी लागते. कायद्यानं वागणाऱ्याचं भलं होतं असं शाळेत शिकलो होतो, म्हणून तालुक्याला गाड्या तपासणीचा कॅम्प लागला तेव्हा मी स्वतःहून गेलो. रांगेत स्वतःहून आलेला मी एकटाच होतो. साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि हीच अडचण होती. त्यांनी खरोखर विचार केला.

“हूक हा गाडीचा भाग, की ट्रॉलीचा?” त्यांनी विचारलं.

“साहेब, गाडीला लावतो.”

“मग तो गाडीतला बदल झाला. त्याला मंजुरी लागेल.”

“मग ट्रॉलीचा समजा.”

“ट्रॉलीची नोंदणी आहे?”

“ती ट्रॉली नाहीच साहेब. चाकांवरचा जनरेटर आहे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग ते यंत्र झालं. यंत्राची नोंदणी आमच्याकडे नसते.”

“म्हणजे चालेल?”

“यंत्र रस्त्यावर चालत नाही. उभं असतं.”

मी म्हणालो, उभ्या यंत्राला नेण्यासाठीच तर हूक आहे. साहेब म्हणाले, तसं असेल तर हूक कशाचाच भाग नाही, आणि जो कशाचाच भाग नाही त्याला मंजुरी कशी द्यायची? बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. शेवटी साहेबांनी कळवळून सांगितलं, “काका, वरून मार्गदर्शन मागवतो. तोवर लावू नका असं मी म्हणत नाही. लावा असंही म्हणत नाही.” ते मार्गदर्शन अजून वरच आहे.

घरी आलो आणि खाटेवर आडवा झालो. दिवाळी तोंडावर आली होती. बाजारात श्रीहरी दिसले की मी गल्ली बदलत होतो. अंजुमनं चहा आणला, शेजारी बसली.

“एक सांगू? ते नाटकाचं सोडून द्या. दुकान आहे की आपलं.”

तिनं ते प्रेमानं म्हटलं आणि म्हणूनच मला ते लागलं. मांडवाच्या मागं जनरेटरपाशी उभं राहायचं, आतून घंटा झाली की स्विच टाकायचा, आणि हजार माणसांच्या तोंडून एकदम “हाऽऽ” असा आवाज येतो. तो आवाज मिक्सर दुरुस्त करून येत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. पण उठून चपला घातल्या आणि पत्रूकडे गेलो. म्हटलं, “पत्रू, या वेळी जागा मी दाखवणार नाही. तू चासीला धर, दोन्ही बाजूंनी, आणि तू मला थांब म्हणेपर्यंत मी लोखंड आणत राहीन.”

पत्रूनं मला थांब म्हटलंच नाही. जाड पट्ट्या, आरपार बोल्ट, मधोमध ट्रकच्या भंगारातून मिळालेला जबडा, त्यात पिन, पिनेला खटका, खटक्याला कुलूप, आणि वरून दोन साखळ्या. पिन तुटली तर साखळी धरेल, एक साखळी तुटली तर दुसरी. दांडी जमिनीला अगदी समांतर. गुणवंतरावांनी येऊन त्यावर उभं राहून उड्या मारल्या. काही हललं नाही. “हत्ती बांधा याले,” ते म्हणाले. मी रोज सकाळी उठून त्याला ग्रीस लावू लागलो. अंजुम म्हणाली, “सेहरा बांधा त्याला, निकाह लावून टाकू.” बोलो बापडी. इतक्या महिन्यांनी मी ताठ मानेनं गल्लीतून चालत होतो.

पहिला प्रयोग भेंडारटोल्याला होता, जंगलाच्या आतल्या बाजूला. मी दुपारीच निघालो. गचके बसले, खड्डे आले, वळणं आली. ट्रॉली मागं अशी येत होती, जशी सोबत जन्मली आहे. मी आरशात पाहत होतो आणि हसत होतो. उन्हं कलायला लागली होती आणि भेंडारटोल्याच्या अलीकडच्या नाल्याशी पोचलो. तिथं नाल्याच्या मधोमध श्रीहरींची बस उभी होती.

बस म्हणजे अख्खं नाटक. नट, नट्या, पडदे, पेटी, तबला. मागची चाकं रेतीत अर्धी गडप झाली होती. नायिका मयुरी टपावर बसून वेणी घालत होती. खलनायक गुडघाभर पाण्यात उभा राहून बस ढकलत होता. श्रीहरींनी मला पाहिलं आणि पाण्यातूनच हात जोडले.

“गफ्फारभाऊ! देवासारखे आले. तुमची गाडी लय दणकट आहे म्हंतेत. हूक आहे म्हंतेत.”

आता पाहा. हूक एकच. जनरेटर ओढला तर उजेड पोचेल, पण उजेडात दाखवायला माणसं नाहीत. बस ओढली तर माणसं पोचतील, पण अंधारात. मी कुलूप उघडलं, खटका काढला, पिन काढली, साखळ्या सोडल्या. जनरेटर नाल्याच्या काठावर पळसाखाली उभा केला, चाकांना दगड लावले. मग बसला दोर लावला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. खरं सांगतो, त्या हुकानं बस अशी उपटली जशी मुळी उपटावी. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, चला, तुम्हाला सोडतो आणि लगेच जनरेटर नेतो. पण बसचं इंजिन पाणी पिऊन बसलेलं. गाव दिसेपर्यंत ओढावी लागली, मग गावात शिरताना, मग मांडवापर्यंत. श्रीहरी दर वळणावर म्हणत होते, “बस, आलंच भाऊ.”

धूळ उडवत परत नाल्यावर आलो. पळस होता. दगड होते. जनरेटर नव्हता.

मी खाली उतरलो. पळसामागं पाहिलं. पाण्यात पाहिलं. एवढं मोठं यंत्र पळसामागं लपत नाही हे मला कळत होतं, तरी दोनदा पाहिलं. मग दगडावर बसलो. अंधार पडायला आला होता. तिकडे हजार माणसं चटया टाकून बसली असतील. श्रीहरी पेट्रोमॅक्स शोधत असतील. माझ्या मागं जगातला सगळ्यात मजबूत हूक होता आणि त्याला अडकवायला या जगात काही उरलं नव्हतं. रडू आलं नाही. रडायला सुद्धा थोडी आशा लागते.

शेळ्या घेऊन एक म्हातारी नाल्यातून येत होती. तिनं मला पाहिलं.

“कोन होय गा? इथी काऊन बसला?”

“बाई, इथं एक यंत्र उभं होतं...”

“थे? थे तं दसरूनं नेलं ना. पांदणीनं. नाटकवाल्याईचं दिसलं, म्हंते, अन् कोनी धनी दिसे नाई. हेले जुपले अन् नेलं.”

पांदण म्हणजे शेतातली वाट, आणि हेले म्हणजे रेडे. चिखलणीचे रेडे.

मी गाडी कशी पळवली ते विचारू नका. मांडवाशी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. म्हणजे माझा. जनरेटर केव्हाच आला होता. काळेभोर, शिंगं वळलेले दोन रेडे त्याच्या दांडीपुढे रवंथ करत उभे होते. कडीतून एक साधा अंबाडीचा दोर घातलेला, त्याला एक गाठ. कुलूप नाही, खटका नाही, साखळी तर नाहीच. पोरं त्यांच्या पाठीवर बसली होती. मी धडपडत गेलो, डिझेल पाहिलं, हँडल मारलं, वायरी जोडल्या. आतून घंटा झाली. स्विच टाकला.

“हाऽऽ!”

तो आवाज आला. वेळेवर आला. मी डोळे मिटून घेतले.

मग माईकवर श्रीहरींचा आवाज ऐकू आला. “रसिक मायबाप! आजचा उजेड ज्याईनं आपल्या जनावराईच्या खांद्यावर वाहून आनला, थे आपल्याच गावचे दसरू मडावी. त्याईचा सत्कार!” टाळ्यांचा कडकडाट. दसरूला शाल मिळाली, नारळ मिळाला. रेड्यांना हार घातले. त्यातला एक हार एका रेड्यानं दुसऱ्याच्या गळ्यातून खाल्ला, त्यालाही टाळ्या. मध्येच श्रीहरी मागं धावत आले आणि माझे दोन्ही हात धरले. “भाऊ, जनरेटर तुमचाच राहीन हंगामभर. चिंता नोका करू. फक्त तुमी गाडी आमच्या बसच्या संग ठेवा. बसचा काई भरोसा नाई. जनरेटर काय, गावोगावचे लोक आनून देतेत.”

मी मान हलवली. तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती.

नाटक सुरू झालं. मांडवाच्या मागून काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. मी माझ्या गाडीच्या मागं, हुकावरच बूड टेकलं. थोड्या वेळानं दसरू शाल पांघरून, दोन कप चहा घेऊन आला. शांत माणूस. माझ्या शेजारी उकिडवा बसला, एक कप मला दिला आणि मी बसलो होतो त्या लोखंडाकडे बराच वेळ वाकून पाहत राहिला. पट्ट्या पाहिल्या, बोल्ट पाहिले, कुलूप हलवून पाहिलं.

“भाऊ, हे मांगं काय लावलं जी?”

“हूक,” मी म्हणालो.

“कशाले?”

आत खलनायक हसायला लागला होता. जनरेटर धडधडत होता. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं, आणि चहा प्यायला लागलो.